फार अशक्त बाळ

हाल्बेनाउ, संत योहानाच्या सणाचा दुसरा दिवस, सन १५९६

फोल्कमार, बाळा,

आपल्या चिटणिसाचं म्हणणं असं की गादीवरच्या ड्यूकला आईनंसुद्धा ‘आपण’ लिहायचं असतं, आणि आधी चार ओळी नुसते किताब. मी म्हटलं, ज्याची लंगोटी बदलली त्याला ‘आपण’ म्हणायला माझा हात वळत नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. म्हणून हे मीच लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर छावणीत कुणाला दाखवू नकोस, घरातलं आहे. मोठ्यानं वाच म्हणजे लागेल, मी बोलते तसंच लिहिते. माझ्या वडिलांनी भावांना मास्तर ठेवला आणि आम्हा मुलींना एक प्रार्थनेचं पुस्तक आणि चरखा दिला. त्या पुस्तकात जी अक्षरं होती तेवढीच मला येतात.

तू माझ्याशी बोलत नाहीस हे माझ्या लक्षात आहे. भर पंगतीत मी तुला म्हणाले की तू तुझ्या वडिलांच्या त्या पिवळ्या कुत्र्यासारखा, घरात भुंकणार आणि बाजारात शेपूट घालणार. ते मी परत घेत नाही. पण बाळा, चार महिने झाले, तुर्कांशीसुद्धा मधूनमधून तह होतात.

आधी गोड बातमी. सबी बोलायला लागली! नुसती बोलत नाही, हुकूम सोडते. दिवाणखान्यातल्या तुझ्या वडिलांच्या तसबिरीकडे बोट दाखवून दाईनं सांगितलं, हे आजोबा. तेव्हापासून ती त्या म्हाताऱ्या शिकारी कुत्र्याला आजोबा म्हणते. दाढी तशीच आहे ना! परवा सरदार मंडळी बसलेली असताना ओरडली, “आजोबा, जिन्यात घाण केली!” मी हसू दाबता दाबता खुर्चीतून पडायची राहिले. पोटच्या पोरांचं मला एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं, खरं सांगते. दुधावरची साय म्हणतात ते काही खोटं नाही.

आता दुसरी बातमी. साय आणखी एक थर धरते आहे.

ओटिलीला दिवस गेलेत. तू निघालास तेव्हा तिलाही कळलं नव्हतं. लेंटच्या उपासाआधीच्या आठवड्यात तुम्ही दोघं हातात हात घालून बर्फावर घसरत होतात, मी खिडकीतून पाहिलं होतं, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी तू दार आपटून गेलास. आता बाळ आतून लाथा मारतं. लोणी लावलेली मुळ्याची चकती तिला सारखी लागते, तुझ्या वेळी मलाही लागायची.

आणि तिसरी बातमी चांगली नाही. तिच्या भावाचं पत्र आलंय, सुगी झाली की गाडी पाठवतो. ती ऱ्हाइनपलीकडे माहेरी जाऊन बाळंत होणार म्हणते. तूच म्हणाला होतास ना, “जा मग!” तर ती जाते आहे.

तिचं काय दुखतंय ते तुला माहीत आहे. मला तेव्हा ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी पाद्री लेकराच्या तोंडावर म्हणतो, “अशुद्ध आत्म्या, यातून निघून जा.” माझ्यावर म्हटलं, तुझ्यावर म्हटलं, कुणी कधी मनाला लावून घेतलं नाही. तिच्या माहेरी मात्र ते शब्द कधीच काढून टाकलेत. सबीच्या वेळी तिनं तुझ्याकडून वचन घेतलं होतं की तिच्या लेकरावर ते म्हटले जाणार नाहीत. तू दिलंस. मग देवळात तो टिले, पिंपं करणारा, हातात लाकडी हातोडा घेऊन पाण्याच्या कुंडाशी उभा राहिला. “पाद्रीबुवा, सगळे शब्द. एकही गिळायचा नाही.” पाद्र्यानं तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान डोलावलीस. ओटिली बाळंतिणीच्या खोलीत होती. तिला हे कळलं ते आत्ता, लेंटच्या त्या आठवड्यात, दाईच्या तोंडून.

ती एवढंच म्हणाली होती, “एका पिंपवाल्याला भ्यायला.” आणि तू घोड्यावर बसून तुर्कांशी लढायला गेलास. आता मी हसू की रडू?

उत्तर लिही. मला नको, तिला लिही.

तुझी आई, वाल्बुर्गा


हाल्बेनाउ, संत बार्थोलोम्यूचा दिवस

फोल्कमार,

गाडी आली. तिच्या भावाचे सहा काळे घोडे, आणि सोबत एक कारभारीणबाई, जिच्या तोंडावर हसू म्हणून कुणी कधी पाहिलं नसेल. तिनं आमचं स्वयंपाकघर पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. आम्ही मनुके आंबवत होतो, त्याचा वास होता रे बाबा, दुसरं काही नाही!

ओटिलीचे पेटारे पट्टे आवळून वरच्या सोप्यात रांगेनं मांडले. सबी त्यांच्यावर चढून बसली आणि म्हणाली, “चल घोड्या.” तिला वाटलं आपणही निघालो. ओटिलीनं तोंड फिरवलं. सबीला नेता येत नाही हे तिला ठाऊक आहे. पोरगी या घराण्याची, तुझ्या परवानगीशिवाय हद्दीबाहेर नेता येत नाही, आणि तू तिकडे हंगेरीत घोड्यांना चारा मोजत बसलास.

मी तिच्या खोलीत गेले. गुडघे इतके दुखतात की वर जायचं म्हणजे मला डोंगर चढल्यासारखं होतं, पण गेले. (गुडघ्यांना मी हंसाची चरबी आणि जुनिपरचं तेल लावते. तुझ्या मावशीनं मेणाचा लेप सांगितला होता, त्यानं फक्त मोजे चिकटले.)

मी म्हटलं, “ओटिली, एवढं पोट घेऊन दगडांच्या रस्त्यानं जाणार? पोर वाटेत होईल.”

“होऊ दे. वाटेतल्या पाद्र्याला टिलेची भीती नसेल.”

“आणि सबी?”

तिनं हातमोजा काढला, परत घातला. मग म्हणाली, “आईसाहेब, तुम्हाला वाटतं मी शब्दांचा कीस काढते.”

“वाटतं थोडं.”

“सबीला मी नऊ महिने पोटात वाढवली. तिच्यात सैतान असेल तर तो आला कुठून? माझ्यातूनच ना? ते त्यांनी भर देवळात ओरडून सांगितलं, आणि माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. आता मी देवळात शिरले की बायका पोरांना जवळ ओढतात. तुम्ही पुढच्या बाकावर बसता, तुम्हाला दिसत नाही.”

खरंच दिसलं नव्हतं रे. त्या रविवारी मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. रंगाऱ्याच्या बायकोनं आपलं तान्हं पदराखाली घेतलं. ओटिली ताठ मानेनं चालत होती. मला माझीच लाज वाटली आणि त्या रंगाऱ्याच्या बायकोची जास्त वाटली, तिच्या बाळंतपणात मीच भट्टीत गाळलेली औषधं गेली होती.

देवळातून आल्यावर मी पुन्हा तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “थांब. या लेकरावर ते शब्द नाही म्हटले जाणार.”

“कोण अडवणार?”

“मी.”

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. “तुमच्या मुलानंही असंच सांगितलं होतं.”

“तो माझा मुलगा आहे. मी तो नाही.”

“शपथ घ्या.”

मी घेतली. एका नावाची घेतली. तिनं विचारलं, कोण हा? मी सांगितलं. ती तशीच पलंगावर बसली, बूट न काढता. त्या नावाचं तुला पुढे केव्हातरी लिहीन. आत्ता खाली पेअरचा पाक लागतोय, वास इथवर येतो. ती नवी मुलगी कढईपाशी उभी राहून सैनिकांकडे बघत असते.

गाडी रिकामी परत गेली. कारभारीणबाईला मी पेअरचं एक पिंप बांधून दिलं, तरी हसली नाही. पेटारे मात्र सोप्यातच आहेत. मी म्हटलं सोडू का? ओटिली म्हणाली, “पट्टे राहू द्या.”

म्हणजे तिचा माझ्यावर अर्धाच भरवसा आहे. अर्धा तर अर्धा.

आई


संत मायकेलच्या सणाआधी

फोल्कमार,

तुझं पत्र आलं! सगळ्या वाड्यात धावाधाव. आलं कुणाला, तर तबेल्याच्या मुकादमाला. तांबड्या घोडीचा खूर बरा झाला का. घोडीचा खूर बरा आहे. ती चालते, खाते आणि तुझी आठवण काढत नाही. तुझी बायकोही बरी आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. पाय सुजलेत, पण नाक अजून वर आहे.

सबीला सर्दी झाली होती. तिच्या छातीला मी मध आणि कांदा लावला, तर तिनं छातीवरचा कांदा खाल्ला. आता साऱ्या वाड्याला ती कांद्याचे पापे देते.

पाद्रीबुवा क्विरिन आले होते. मी बोलावलं होतं. मी लोण्याचा केक केला, वर साखर, कारण माणूस भरल्या तोंडानं खोटं बोलत नाही. बिचारा वाळलाय. म्हणाला, “आईसाहेब, माझे हात बांधलेले आहेत. मनानं मी त्या शब्दांना फार धरून नाही. पण मी ते गाळले तर अर्धं गाव पोरं घेऊन शेजारच्या राज्यात जाईल बाप्तिस्म्याला. ते लोक वाईट नाहीत हो. घाबरलेले आहेत. त्यांना वाटतं शब्द राहिला तर लेकरू उघड्यावर राहिलं.”

“तुम्हाला कोण सांगतंय गाळा म्हणून? केक घ्या.”

त्यानं घेतला.

मी म्हटलं, “सुईण घाईचा बाप्तिस्मा देते, लेकरू जाईलसं वाटलं की. त्यात हे शब्द असतात का हो?”

“नाही. वेळ कुठे असतो? पाणी, नाव, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा. बस.”

“सुईणच लागते का?”

“कुणीही ख्रिस्ती माणूस चालतो.”

“आणि समजा, लेकरू वाचलं?”

“तर झालेला बाप्तिस्मा झाला. देवळात आणतात, मी विचारतो, पाणी होतं ना, नाव घेतलं ना, आणि आशीर्वाद देतो. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नाही, ते पाप. पण आईसाहेब, तो फक्त मरणाच्या दारातल्या लेकरासाठी असतो.”

“हो, हो. तेच तर.”

त्यानं ओठावरची साखर पुसली. मग त्यानं केकचा आणखी एक तुकडा उचलला, खिडकीकडे तोंड केलं आणि या वर्षी बिअरच्या हॉप्सचं पीक कसं आहे ते सांगू लागला. भला माणूस आहे.

आता ते नाव. पाक लागला होता म्हणून राहिलं असं मी लिहिलं, पण पाक काही एवढा लागला नव्हता.

तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. घराण्याच्या वंशावळीत त्याच्या जागी एक रेघ आहे, तू लहानपणी विचारलंस तेव्हा मी शाईचा डाग म्हटलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. तुझे वडील शिकारीला, आम्ही जंगलातल्या त्या जुन्या कोठीवर, बर्फानं वाट बंद, सुईण पलीकडच्या गावात. खोलीत मी आणि एक धोबीण. लेकरू निळं होतं. धोबीण थरथरत होती, तिच्यानं भांडं धरवेना. मीच उठून बसले आणि वाटीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. नाव काय द्यायचं ते ठरलंच नव्हतं. माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या माळ्याचं नाव तोंडात आलं, कारण तो मला फार आवडायचा. कोनराड. दुपारपर्यंत माझ्याजवळ होता.

नंतर मला एकच विचार छळायचा. मी ते शब्द म्हटले नव्हते. मला ते पाठ नव्हते, आणि असते तरी सुचले नसते. म्हणजे माझ्या लेकरात ते राहिलं का? तुझ्या वडिलांना विचारायची सोय नव्हती, ते म्हणायचे दुसरा होईल. तेव्हाचे म्हातारे पाद्री होते, त्यांना मी कपाळ टेकून विचारलं. ते रागावले माझ्यावर. “बाई, तुम्ही पाणी घातलंत, देवाचं नाव घेतलंत. ते पोर आपल्या सगळ्यांच्या आधी पोचलं. पुन्हा असं विचारायचं नाही.” त्या रागावर मी इतकी वर्षं जगले.

तर ओटिली जे सांगत होती ते मला त्या दिवशी तिच्या खोलीत एकदम लागलं. ते शब्द लागतातच म्हणणारे माझ्या कोनराडबद्दलही काहीतरी म्हणतायत. त्यांना ते माहीत नाही, पण म्हणतायत. मी सबीच्या वेळी तिथेच उभी होते, डोक्यावर चांगली टोपी घालून, आणि मला ऐकू आलं नाही.

हे तुझ्या वडिलांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. ओटिलीला सांगितलं. आता तुला.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. डावा मोठा झालाय.

आई


संत मार्टिनच्या सणानंतर

फोल्कमार! फोल्कमार, माझ्या राजा!

मुलगा!

सणाच्या दिवशी सकाळी, खाली हंस भाजायला घातलेले, वर आमची ही धांदल. हंसांकडे कुणी बघितलं नाही, सगळे करपले, आणि लोकांनी तसेच आनंदानं खाल्ले. ओटिली बरी आहे. दमली आहे, पण मघाशीच तिनं मला सांगितलं की मी फार बोलते, म्हणजे बरीच आहे.

आता नीट वाच. हे पत्र वाटेत कुणी उघडलं तर त्यानंही नीट वाचावं. बाळ जन्मलं तेव्हा फार अशक्त होतं.

फार म्हणजे फारच. मी आणि प्लोनी सुईण, दोघी साक्षीला आहोत. वजन म्हणशील तर प्लोनी म्हणते तिच्या हातून इतकं जड पोर कधी गेलं नाही, पण जड असणं वेगळं आणि अशक्त असणं वेगळं. आता आवाज सांगते, म्हणजे नंतरचा. त्या आवाजानं सबी रडायला लागली, सबीच्या आवाजानं कुत्रा, आणि खाली पहाऱ्यावरच्या शिपायानं वर तोंड करून विचारलं की हल्ला झाला का. पण ते नंतर.

आधी तो रडला नाही.

प्लोनीनं त्याला उलटा धरला, पाठीवर थोपटलं, आणि तो रडला नाही. किती वेळ मला विचारू नकोस. मी तयारीत होते, ते मान्य. वाटी माझ्याजवळ होती, पाणी कोमट करून ठेवलं होतं, बाळंतिणीच्या खोलीत पाणी असतंच. मनात सगळं ठरवून ठेवलं होतं, काय म्हणायचं, चेहरा कसा करायचा. थोडं नाटक करावं लागेल असं वाटलं होतं, ओटिलीलाही मी तसंच सांगितलं होतं. आणि तो रडला नाही, आणि मला नाटक करायची गरजच उरली नाही रे. माझ्यापुढे ती जंगलातली कोठी उभी राहिली. मी वाटी दोन्ही हातांनी धरली. प्लोनी म्हणाली, “आईसाहेब, घालायचं तर आत्ता घाला.” मी पाणी घातलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, ते नीट म्हटलं, एक अक्षर चुकलं नाही. आणि मग त्यानं तोंड उघडलं आणि जे काही ओरडला म्हणतोस!

प्लोनी हसत सुटली. ओटिली हसायला आणि रडायला लागली. मी खाली बसले, तर नेमकी पाण्याच्या घंगाळात.

एक घोळ झाला आहे.

त्याचं नाव एर्न्स्ट ठेवायचं होतं, तुझ्या वडिलांचं, घराण्याचं. मी आणि ओटिलीनं ठरवलं होतं, मला पाठ होतं, रोज जिना चढताना म्हणत होते. पण पाणी घालताना माझ्या तोंडून एर्न्स्ट आलंच नाही.

कोनराड आलं.

आता ते बदलत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणजे झाला. तुझा गादीचा वारस एका माळ्याच्या नावाचा आहे. रागावायचं असेल तर इथे येऊन समोर रागव.

तुझी, घंगाळात बसलेली,
आई


नाताळाआधीच्या ॲडव्हेंटचा तिसरा आठवडा

बाळा,

तुझं पत्र ओटिलीला पोचलं. माझं पोचल्यावर चारच दिवसांत तू ते लिहिलंस, हे जासूदानं सांगितलं. त्या पत्राबद्दल शेवटी लिहिते, आधी देवळातलं ऐक, नाहीतर विसरेन.

रविवारी मी कोनराडला घेऊन गेले. ओटिलीचे सहा आठवडे झाले नाहीत, ती घरी. देवळात मुंगीला जागा नव्हती. आणि कुंडापाशी कोण? टिले, हातोडा घेऊन. सणाची टोपी घालून आला होता, म्हणजे त्यालाही ते धर्मकार्यच वाटत होतं.

पाद्रीबुवांनी रीतीप्रमाणे विचारलं, पाणी होतं? होतं. नाव घेतलं? घेतलं. मग आवाज चढवून विचारलं, चढवावाच लागला, कारण कोनराड त्यांच्या कानाशीच किंचाळत होता, “आणि लेकराला मरणाचा धोका होता?”

मी म्हटलं, “फार अशक्त होतं.”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. पाद्रीबुवांनी लेकराकडे पाहिलं, कानात बोट घातलं आणि म्हणाले, “देवाची कृपा, आता बरं दिसतंय. बाप्तिस्मा झालेला आहे, पुन्हा देता येत नाही.”

टिले पुढे आला. “आणि ते शब्द? अशुद्ध आत्म्याचे? ते राहिले ना! उद्या हा आमचा ड्यूक होणार.”

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी पोराला या हातातून त्या हातात घेतलं. मला भीती वाटली नाही असं नाही, तो हातोडा जवळून बराच मोठा दिसतो. मी म्हटलं, “अहो टिले, तुमची जुळी. प्लोनीनं तुमच्या घरात, तुमच्या ओट्यावर त्यांना पाणी घातलं होतं. मी तेव्हा तुमच्या बायकोला आसव पाठवलं होतं. त्या दोघींवर कुणी ते शब्द म्हटले होते का?”

त्यानं हातोडा खाली केला.

“नव्हते. वेळ कुठे होता? मग त्या कुठे आहेत, टिले? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तिथेच माझाही एक आहे.”

पुढे मला काही बोलायचं होतं, पाठ करून आले होते, पण ते राहिलंच. टिलेची बायको बायकांच्या बाकावरून उठली. मोठी बाई आहे, चालली की फळ्या वाजतात. ती आली, त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि म्हणाली, “चला घरी. टोपी काढा आधी.” त्यानं टोपी काढली. मग त्यानं कोनराडकडे वाकून पाहिलं, आणि तुझ्या मुलानं त्याची दाढी धरली, ती सोडेना. आम्हा दोघांना मिळून बोटं सोडवावी लागली.

बुधवारी त्याच्याकडून एक टब आला, लेकराला न्हाऊ घालायचा, ओकच्या फळ्यांचा, आतून रेशमासारखा गुळगुळीत. सोबत निरोप नाही. पण खाली बुडाशी छोट्या दोन फुल्या कोरल्यात, शेजारी शेजारी. मी ओटिलीला दाखवल्या. तिनं त्यावर बोट फिरवलं. त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोला तिनं स्वतः माहेरच्या ताग्यातलं कापड पाठवलं. रंगाऱ्याची बायको मात्र अजून तान्हं पदराखाली घेते. सगळंच काही एका रविवारी होत नाही.

चिटणीस रडकुंडीला आलाय. वंशावळ घेऊन आला आणि म्हणाला, “आईसाहेब, या घराण्यात कोनराड नावाचा वारस कधी झालाच नाही, मी लिहू कसं?” मी त्याला ती रेघ दाखवली. म्हटलं, झाला होता. दुपारपर्यंत. तिथे पहिला लिही आणि याला दुसरा लिही. त्यानं लेखणी बुडवली, मी समोर उभी राहिले, आणि त्यानं लिहिलं. सुंदर अक्षर आहे रे त्याचं. मी बराच वेळ वाचत बसले.

आता तुझं पत्र. जासूद आला तेव्हा ओटिली खिडकीशी होती, कोनराड अंगावर पीत होता. (हो, स्वतः पाजते. मोठ्या घरातल्या बायका पाजत नाहीत हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “फार अशक्त आहे ना तो?” यावर मी काय बोलणार?) तिनं एका हातानं मोहोर फोडली. उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. पत्र लहान होतं, दोन-तीन ओळी, मला पलीकडून दिसलं तेवढं, पण चष्मा खाली राहिला होता. काय लिहिलंस रे? मी तीनदा विचारलं. ती म्हणते, ते माझं आहे. बरोबर आहे तिचं. तरी आईला सांगायला काय जातं?

मग तिनं हाक मारली, मोठ्यानं, सगळ्या सोप्याला ऐकू जाईल अशी. “पेटारे सोडा.”

सबी सगळ्यात वर बसली होती. “माझे घोडे!” म्हणून तिनं भोकाड पसरलं. बुटांच्या पेटाऱ्यात उंदरानं पिल्लं घातली होती, त्यावरून दाई किंचाळली. एक पेटारा सबीसाठी ठेवलाय, रिकामा, पट्टे लावून.

तेव्हा ये. रस्ते गोठले की घोडे चांगले चालतात म्हणे. तांबडी घोडी तयार आहे. तुझ्या खोलीतली गादी उन्हात घातली होती, पण ओटिली म्हणाली ती तिथे लागणार नाही, आवरून ठेवा.

उशीर करू नकोस. पोर अजून फार अशक्त आहे, काल त्यानं लाथ मारून टिलेच्या टबातलं सगळं पाणी माझ्या अंगावर उडवलं.

तुझी आई